दीड लाखात सेट उभा करायचाय: नवं कुठून, जुनं कोणाकडून

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडहिंग्लजचे एक गृहस्थ दोन सीझन एका फोटोग्राफरकडे असिस्टंट होते. आता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत, हाताशी दीड लाख रुपये आहेत. काम मुख्यतः लग्नांचं, सुट्टीच्या दिवशी पक्षी आणि पावसाळ्यात बेडूक-कीटक. कोल्हापूरच्या दुकानात बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचा, एक भाव मिळाला, मुंबईत तीच बॉडी ‘बिलाशिवाय’ बारा हजारांनी स्वस्त, ऑनलाइन तिसराच आकडा. मावसभाऊ दुबईला आहे, तो आणून देतो म्हणतो. शिवाय बेळगावचे एक फोटोग्राफर आपला जुना कॅनन ५डी मार्क ४ विकायला काढून बसले आहेत. जाता जाता फिल्म कॅमेऱ्याचीही चौकशी आहे. एवढ्या सगळ्यातून नेमकं कुठून घ्यायचं?

मी पुण्यात लग्नं आणि दागिन्यांचं प्रॉडक्ट शूट करतो, आणि मोकळा झालो की पक्षी टिपायला भिगवणला पळतो. त्यामुळे नवी, जुनी, भाड्याची अशी सगळी खरेदी चालूच असते. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न भावाचा नाही. ‘ही वस्तू सहा महिन्यांनी बिघडली तर मी कोणाच्या दारात जाणार?’ हा आहे. प्रत्येक वस्तूसाठी याचं उत्तर वेगळं येतं, म्हणून सगळी खरेदी एकाच ठिकाणी करायचा हट्ट सोडा. बॉडीचं ठिकाण वेगळं, लेन्सचं वेगळं, मेमरी कार्डाचं तिसरंच.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमच्या वस्तादांकडे कॅनन आहे असं तुम्ही लिहिलंय. अडीअडचणीला त्यांची लेन्स, फ्लॅश, बॅटरी मागता येणार असेल तर तुम्हीही कॅननमध्येच राहा, इंटरनेटवर कोणी काहीही म्हणो. दुसरं, लग्नाच्या कामाला दोन बॉडी लागतात. एकाच बॉडीवर मुहूर्ताची जबाबदारी घेऊ नका, अक्षता पडताना एरर आला तर पुन्हा अक्षता पडत नाहीत. दुसरी बॉडी विकत हवीच असं नाही, भाड्याची किंवा वस्तादांची चालेल, पण ती बॅगेत असली पाहिजे. तिसरं, तुमच्या पहिल्या सीझनच्या ऑर्डरी पक्क्या आहेत की अजून बोलणीच चालू आहेत? पक्क्या नसतील तर अर्धेच पैसे खर्च करा, बाकीचं भाड्याने भागवा.

नवी बॉडी

मुख्य बॉडी मी नवी, पक्क्या बिलाची आणि कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीचीच घ्यायला सांगेन. मुंबईतला तो बारा हजारांचा फरक कुठून येतो ते बघा. डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे (१ जानेवारी २०१९ च्या आधी तो २८ टक्के होता). बिल न देणारा माणूस हा कर वाचवतो, आणि बरेचदा तो माल कंपनीच्या अधिकृत वाटेने आलेलाच नसतो. याला बाजारात ग्रे म्हणतात, दुकानदार मात्र ‘इंपोर्टेड पीस’ किंवा ‘दुकानाची वॉरंटी’ असं गोड नाव देतात. बॉडी तीच असते, कारखानाही तोच. पण सेन्सर गेला की कंपनीचं सर्व्हिस सेंटर बिल मागतं, सिरियल नंबर तपासतं आणि मोफत दुरुस्तीला नाही म्हणतं. मग दुकानदार म्हणतो, ठेवून जा, बघतो. हे ‘बघतो’ ऐन लग्नसराईत दोन महिने चालतं.

ओळखायचं कसं? खोका हातात घ्या. अधिकृत आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा नंबर असं लेबल असतं, कायद्यानेच ते लागतं. खोक्यावरचा, बॉडीच्या खालचा आणि बिलावरचा सिरियल नंबर तीनही एकच हवेत. दुकानातच बसून तो नंबर कंपनीच्या साइटवर नोंदवून पाहता आला तर उत्तम. आणि बिल फक्त वॉरंटीसाठी नसतं. उद्या बॅग चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार देताना, विमा काढताना आणि तीन वर्षांनी तीच बॉडी विकताना तोच कागद लागतो. बिल आणि खोका असलेल्या जुन्या बॉडीला गिऱ्हाईक आधी मिळतं आणि भावही बरा येतो, म्हणजे आज वाचवलेल्या बारा हजारांतले काही तुम्ही विकताना परतच देता.

आता कोल्हापूर की ऑनलाइन? फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल तर कोल्हापूर. दुकानदाराशी ओळख असली की सर्व्हिस सेंटरला माल तोच पाठवतो, सीझनमध्ये चार दिवस दुसरी बॉडी वापरायला देतो, हप्ते लावून देतो. फरक मोठा असेल, किंवा दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डावर घसघशीत सूट असेल, तर ऑनलाइन घ्यायला माझी हरकत नाही. फक्त मोठ्या साइटवर विक्रेता कोण आहे ते वाचा. साइटचं नाव मोठं असलं तरी माल कुठल्यातरी तिसऱ्याच विक्रेत्याचा असू शकतो. बिल विक्रेत्याच्या नावाने येतं आणि त्यावर जीएसटी क्रमांक असायला हवा. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, पट्टी कापण्यापासून सिरियल नंबर दिसेपर्यंत, मध्ये न थांबवता. खोक्यात साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

मुंबईला जायचंच असेल तर जरूर जा, पण बॉडीसाठी नको. सीएसएमटीला उतरून फोर्टच्या बाजूला चालत गेलात की बोरा बाजार लागतो. महाराष्ट्रातले कितीतरी स्टुडिओवाले माल तिथूनच उचलतात. स्टँड, छत्र्या, सॉफ्टबॉक्स, पडदे, रिफ्लेक्टर, बॅगा, अल्बमचं सामान, तुटलेल्या हॉट-शूचा (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेचा) सुटा भाग, कुठल्यातरी जुन्या फ्लॅशची केबल, हे सगळं तिथे एका फेरीत होतं, आणि चार दुकानं फिरलं की भावही कळतो. (दिल्लीत हेच काम चांदनी चौकातल्या कूचा चौधरीत होतं, पण गडहिंग्लजहून तिथे जायचं काही कारण नाही.) आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकानं उघडताना जा. शनिवारी दुपारी कोणाला तुमच्याशी बोलायलाही वेळ नसतो. भाव करा, पण आधी इंटरनेटवरचा भाव पाठ करून जा, नाहीतर ‘तुमच्यासाठी’ म्हणून कमी केलेला भाव मुळातच जास्त असतो.

जुनी लेन्स: इथे पैसे वाचतात

बॉडी जुनी होते तशी तिची किंमत घसरते. चांगली लेन्स तितकी घसरत नाही, आणि नीट सांभाळलेली असेल तर दहा वर्षांनीही तशीच फोटो काढते. सध्या तर तुमच्यासारख्यांना सुगी आहे. लग्नवाले झपाट्याने मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे चाललेत, त्यामुळे कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायचं तोंड) लेन्स बाजारात भरपूर आल्या आहेत. कॅननच्याच अडॅप्टरने त्या नव्या आरएफ माउंटच्या बॉडीवर बसतात आणि ऑटोफोकससकट चालतात. ७०-२००, ८५, ५०, १०० मॅक्रो (आकडे फोकल लांबीचे, मिमीमध्ये; मॅक्रो म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारी) या सगळ्या नव्या आरएफ लेन्सच्या मानाने खूपच स्वस्तात मिळतात. तुमच्या बजेटची गुरुकिल्ली मला हीच वाटते.

निकॉनकडे जाणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना, कारण हा घोळ दर सीझनला कोणीतरी घालतंच. जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, त्या बॉडीतल्या मोटरवर चालतात. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत ती मोटर नाही, आणि निकॉनच्या मिररलेस झेड मालिकेसाठीच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. म्हणजे स्वस्तात मिळालेली ५० मिमी एफ १.८ डी त्यावर हातानेच फोकस करावी लागेल. विकणारा हे सांगेलच असं नाही.

लेन्स तपासायची कशी, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत फंगस (काचेवरची बुरशी) हा पहिला शत्रू आहे आणि गडहिंग्लज-आजरा पट्ट्यात पाऊस काही कमी नाही. दोन्ही बाजूंची झाकणं काढा. लेन्स डोळ्यासमोर धरून मागून मोबाइलची टॉर्च मारा, पण सरळ नाही, तिरकी. सरळ प्रकाशात सगळंच स्वच्छ दिसतं. तिरक्या प्रकाशात धुळीचे कण ठिपक्यांसारखे चमकतात, ते थोडे असले तर दुर्लक्ष करा, फोटोत ते दिसत नाहीत. काचेच्या कडेपासून आत सरकणारे बारीक धागे दिसले, कोळ्याच्या जाळ्याच्या तुटक्या तुकड्यासारखे, फांद्या फुटलेले, तर तो फंगस. काच सगळीकडून किंचित दुधाळ दिसली तर हेझ, त्याने प्रकाशासमोर काढलेले फोटो फिके येतात. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्समध्ये ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) पाती एरवी मिटलेली असतात, मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून ती उघडल्याशिवाय आतलं काही दिसणार नाही. पट्टी सोडली की पाती झटकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर त्यांवर तेल आलंय. फंगस काढून मिळतो, पण खूप दिवस राहिला असेल तर त्याने काचेवरचा थर खाल्लेला असतो आणि डाग कायमचा राहतो. ‘साफ करून घ्या, दोन हजारांत होतं’ असं विकणारा म्हणाला तर त्यालाच साफ करून आणायला सांगा.

मग माउंटच्या स्क्रूंची डोकी बघा. त्यांवर ओरखडे असतील तर लेन्स कोणीतरी उघडली आहे. पुढची फिल्टरची रिंग एका जागी चेपली असेल तर ती पडलेली आहे. पडलेली लेन्स नेहमीच वाईट असते असं नाही, पण तिची परीक्षा कडक घ्या. भिंतीवर वर्तमानपत्राची चार पानं चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समोरासमोर लावा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि चारही कोपरे लॅपटॉपवर मोठे करून वाचा. तीन कोपऱ्यांतला मजकूर स्पष्ट आणि एकातला फिसकटलेला, असं दिसलं तर आतली एखादी काच सरकली आहे. घेऊ नका. झूम असेल तर हाच प्रयोग दोन्ही टोकांना करा. ७०-२०० सारख्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा) चालू करून कान लावा. हलकी घरघर चालते, खडखड किंवा व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडत राहणं चालत नाही.

जुनी बॉडी आणि बेळगावचा ५डी

शटर काउंट, म्हणजे बॉडीने आजवर किती क्लिक केले तो आकडा, सगळेच विचारतात, त्याने किती सांगता येतं तेही समजून घ्या. ५डी मार्क ४ आणि निकॉन डी७५० यांचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, डी८५० चं दोन लाखांपर्यंत. त्यापुढे शटर लगेच जात नाही, तीन लाखांवर चाललेल्या बॉडी मी पाहिल्या आहेत, पण किंमत ठरवताना शटर बदलायचा खर्च त्यातून वजा धरायचा. निकॉनच्या फोटोतच हा आकडा लपलेला असतो, ताजा काढलेला जेपीजी कुठल्याही एक्झिफ (फोटोच्या फाइलमध्ये साठलेली माहिती) वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की दिसतो. ५डी मार्क ४ मध्ये तो फोटोत नसतो. लॅपटॉपला केबलने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने वाचावा लागतो, किंवा सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्यावा लागतो. विकणाऱ्याने मोबाइलवर कुठला तरी आकडा दाखवला तर तो कुठून आला हे विचारा.

पण ज्या बॉडीवर लग्नाचे व्हिडिओ झालेत तिचा शटर काउंट फसवा असतो. आकडा वीस हजार, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंतचं रेकॉर्डिंग तीन सीझन त्यावरच झालेलं. म्हणून मी शटरआधी एचडीएमआयचं तोंड बघतो. केबल लावून हलवायची, चित्र तुटलं तर सॉकेट ढिला आहे. माइकचं तोंड, दोन्ही कार्डांचे स्लॉट (५डी मार्क ४ मध्ये एक सीएफ, एक एसडी, दोन्हींत कार्ड घालूनच बघा), हॉट-शूवर फ्लॅश लावून दहा-बारा फायर, सगळ्या चकत्या दोन्ही दिशांनी. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो, एफ १६ वर (म्हणजे ॲपर्चर बारीक करून), फोकस मुद्दाम बिघडवलेला. यात दिसणारे काळे डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. सेन्सर साफ करूनही तिथेच राहणारी रेघ म्हणजे ओरखडा. शेवटी झाकण लावून तीस सेकंदांचं एक्सपोजर, नॉइज रिडक्शन बंद ठेवून. रंगीत ठिपके चार-पाच असतील तर चालतं, आकाशभर तारे दिसले तर नमस्कार करून निघा.

कोणाकडून घ्यायचं याचा माझा क्रम ठरलेला आहे. पहिला, ओळखीचा किंवा ओळखीच्याच्या ओळखीचा चालू फोटोग्राफर. त्याला याच धंद्यात राहायचंय, तो उघड फसवणूक करत नाही, आणि त्याने ती बॉडी कशी वापरली हे त्याच्या असिस्टंटला विचारता येतं. दुसरा, दुकानातलं जुन्या मालाचं कपाट. दहा-पंधरा टक्के महाग पडतं, पण बिल मिळतं आणि काही दिवसांची तरी हमी लिहून घेता येते. ‘लिहून’ हे महत्त्वाचं, तोंडी हमी दुकानाच्या पायरीपर्यंतच टिकते. तिसरा, भाड्याने देणारे. ते दर एक-दोन वर्षांनी जुना माल काढतात. वापर प्रचंड झालेला असतो, पण सर्व्हिसिंग वेळच्या वेळी असतं आणि भाव कमी. सगळ्यात शेवटी ओएलएक्ससारख्या ठिकाणचा अनोळखी माणूस. तिथे घ्या, पण समोरासमोर, दिवसाउजेडी, वस्तू हातात घेतल्यावरच पैसे. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, कुरियरने पाठवतो, आधी थोडं टोकन टाका’ हा फसवणुकीचा जुना नमुना अजून चालतो. विकताना उलटं होतं. समोरचा क्यूआर कोड पाठवतो आणि पैसे मिळण्यासाठी स्कॅन करून पिन टाका म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

वेळेचंही गणित आहे. लग्नसराई उरकली की जून ते ऑगस्टमध्ये लोक माल विकायला काढतात, पुढच्या सीझनला नवं घ्यायचं असतं. गिऱ्हाईक तेव्हा कमी. तुळशीचं लग्न जवळ आलं की तीच लेन्स महाग होते. तुम्ही आत्ताच घेण्याची घाई करत नसाल तर पावसाळ्यात घ्या, फक्त टॉर्चचं काम दुप्पट काळजीने करा. आणि घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आत टाका. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान काटा राहिला की निश्चिंत. ड्राय कॅबिनेट (आर्द्रता आवरणारं कपाट) नंतर येईल.

पक्षी, मॅक्रो आणि दुबईचा मावसभाऊ

पक्ष्यांसाठीची लेन्स या दीड लाखातून घेऊ नका. आधी भाड्याने आणून दोन-तीनदा वापरा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी दोन किलोच्या आतबाहेर आहे, निकॉनची २००-५०० त्याहून जड, २.३ किलो. भिगवणला होडीतून, उजेडात, हातात धरून रोहितांचे फोटो काढायचे तर यांतली कुठलीही मस्त. पण राधानगरी-दाजीपूरच्या दाट झाडीत, सकाळी साडेसहाला, एफ ६.३ च्या, म्हणजे कमी उघडणाऱ्या लेन्सवर आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) किती वाढवावा लागतो ते एकदा बघा, मग ठरवा. काही जणांना तेव्हा लक्षात येतं की आपल्याला लांब लेन्सपेक्षा जास्त उघडणारी लेन्स हवी होती, काहींना कळतं की तेवढं वजन उचलायची हौसच नाही. ज्यांचा हा हौसेचा भाग ओसरतो त्यांच्या लेन्स बाजारात येतात, अगदी नव्यासारख्या. अशा लेन्स दुकानांपेक्षा पक्षिनिरीक्षकांच्या गटांत जास्त मिळतात. भाड्याने घेताना डिपॉझिट आणि ओळखपत्र द्यावं लागतं. दुकानातून बाहेर पडण्याआधी पुढच्या-मागच्या काचेचे फोटो दुकानदारासमोर काढून ठेवा.

मॅक्रोला मात्र भाड्याचीही गरज नाही. आंबोली तुम्हाला आजऱ्यावरून तासा-दीड तासाचा रस्ता, अशी सोय पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. आहे त्याच ५० मिमीला ऑटोफोकस चालणाऱ्या एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावा, फ्लॅशपुढे कागदाचा डिफ्यूझर, झालं. लग्नाचे पैसे आले की जुनी १०० मिमी मॅक्रो घ्या, ती अंगठ्या आणि मंगळसूत्राच्या फोटोंनाही लागतेच. लेन्स दोन्हीकडे कमावते म्हणून मी तिला पक्ष्यांच्या लेन्सच्या आधी ठेवतो. पावसात बेडकांमागे जाताना प्लास्टिकची पिशवी आणि सुकं फडकं विसरू नका.

दुबईहून आणायचं तर बॉडी नको, लेन्स आणा. बॉडीची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतली तिथलीच असते, आणि मावसभाऊ दर वेळी ती घेऊन परत जाणार नाही. विमानतळावर करमुक्त सामानाची मर्यादा असते आणि ती बदलते, म्हणून निघण्याआधी कस्टम्सच्या अधिकृत साइटवर ताजा आकडा बघायला सांगा. कोणी जपानहून सोनी आणतो म्हणालं तर मेन्यूची भाषा आधी विचारा, तिथल्या देशी बाजारासाठीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त जपानीच असते. अमेरिकेत नातेवाईक असतील तर जुन्या लेन्ससाठी केईएच, अमेरिका किंवा इंग्लंडमध्ये एमपीबी ही मोठी दुकानं आहेत. दोघंही मालाला दर्जा लावून, फोटो दाखवून, परत करण्याच्या मुदतीसह विकतात. नातेवाईक भारतात यायच्या दोन-तीन आठवडे आधी माल त्यांच्या घरी पोचेल असं मागवा, म्हणजे काही गडबड निघाली तर परत करायला वेळ राहतो. जुनी वस्तू परस्पर कुरियरने भारतात मागवायच्या भानगडीत पडू नका. वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की सोडवण्यात लेन्सचा आनंद संपतो.

फिल्म कॅमेऱ्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर जुने याशिका, झेनिट, आग्फा क्लिक ३ असे कॅमेरे दिसतात. शोभेसाठी घ्यायचे तर भाव करून घ्या. फोटो काढायचे तर मागचं दार उघडून काठावरचा स्पंज बघा, चिकट काळा लगदा झाला असेल तर प्रकाश आत शिरणार, तो बदलावा लागतो. एक सेकंदाचं शटर कानाने मोजा. फिल्म आणि धुलाईचा खर्च आज इतका आहे की लग्नाच्या बजेटमधून हा विषय बाजूला ठेवलेला बरा.

जिथे स्वस्त घ्यायचं नाही

मेमरी कार्ड आणि बॅटरी. नामांकित कंपनीच्या नावाची नकली कार्डं सर्रास मिळतात, खोका हुबेहूब असतो. १२८ जीबी लिहिलेल्या कार्डात प्रत्यक्षात १६ जीबी असतात, आणि त्यापुढचे फोटो लिहिले गेल्यासारखे दिसतात पण उघडत नाहीत. प्रत्येक नवं कार्ड, अगदी अधिकृत दुकानातून घेतलेलंही, आधी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून परत वाचून बघा. रात्री लावून झोपलं तरी चालतं. बॅटरी कंपनीची, बॉडी घेतली त्याच दुकानातून. फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवायचं साधन) गोडॉक्सचे चालतील, कोल्हापूर-पुण्यात त्यांची सुटी बॅटरी आणि दुरुस्ती मिळते का ते आधी विचारून घ्या. स्टँड, छत्री, सॉफ्टबॉक्स मात्र सिम्पेक्स किंवा डिजिटेकसारख्या देशी ब्रँडचे बिनधास्त घ्या. स्टँड मोडला तर दुसरा आणता येतो.

तर वाटप मी असं करेन. निम्म्याच्या आसपास नवी आरएफ माउंटची बॉडी, दोन कार्डांची मिळाली तर तीच, कोल्हापुरातून बिलासह. साधारण तिसरा हिस्सा जुन्या ईएफ लेन्सवर, आधी ५० आणि ७०-२०० एफ ४, ओळखीतून. अडॅप्टर कॅननचाच. उरलेल्यात एक फ्लॅश, ट्रिगर, कार्डं, बॅटऱ्या. हाताशी दहा-बारा हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.

राहिला बेळगावचा ५डी. तो नव्या बॉडीच्या जागी नको, पण दुसरी बॉडी म्हणून मला आवडेल. तुमच्या ईएफ लेन्स त्यावर अडॅप्टरशिवाय बसतील आणि दोन कार्डांची सोय आहे. त्यासाठी लेन्सच्या वाट्यातले पैसे काढायला लागले तर ७०-२०० पहिल्या दोन-तीन ऑर्डरींपुरती वस्तादांकडून मागा. बेळगावला जाताना लॅपटॉप, केबल, दोन प्रकारची कार्डं, फ्लॅश आणि टॉर्च घेऊन जा, तासभर लागेल असं त्यांना आधीच सांगा. तपासू द्यायला काचकूच केली तर चहा पिऊन परत या. शटर काउंट, मूळ बिल आहे की नाही आणि त्यावर व्हिडिओ किती झालेत एवढं कळवा, मग भावाबद्दल बोलू.